पडद्यावरची चूल

चि. नागसेन यास,

तुझ्या थोरल्या बहिणीचा, बाईचा जयभीम. तू, पुनम आणि लेकरं मजेत असाल. असणारच, बल्लारपूरच्या क्वार्टरात एसी आहे. माझी तब्येत विचारशील तर रक्त उकळतंय, बाकी ठीक. फोन केला की तू "मीटिंगमध्ये हाय" म्हणून सुटतोस, म्हणून हा कागद.

मार्चमध्ये तू कोळसा खाणीचा साहेब म्हणून आपल्या शाळेत आलास, हार घालून घेतलास (तो मीच गुंफला होता) आणि पृथ्वी का तापते यावर भाषण दिलंस. पडद्यावर 'तापमानवाढीची कारणं' अशी मोठी अक्षरं आली आणि त्याखाली कोण? मी! जांभळ्या लुगड्यात, हातात फुंकणी घेऊन चुलीपुढे. थंडीत आला होतास तेव्हा "बाई, जराशी इस्तवाजवळ सरक" म्हणत काढलेला फोटो. मी दोनदा पदर सारखा केला होता रे. माझ्यानंतर धानाच्या बांधीत साचलेल्या पाण्यातून निघणारा गॅस आला, मग गुणवंतरावांची म्हैस. (ऊन पहिलेही तापतच होतं, हे सगळं थोतांड आहे, असं ते उठून ओरडले ते म्हशीपायीच.) कोळशाचं चित्र शेवटी होतं, तर वेळ संपला म्हणालास. आणि भाषणानंतर तुझ्यासोबतच्या चौदा साहेबांनी काय मागितलं? चुलीवरचं मटण! ते जेवेपर्यंत बाहेर गाड्या सुरूच, आत गारवा राहावा म्हणून.

तेव्हापासून पारा चढला की गाव माझ्या दारात. शेजारचा चैतू रोज सकाळी विचारतो, "काऊन वो बाई, किती रांधून राह्यली? भात कमी मांड ना, मले मोहफूल वेचाले जाचं हाय."

हेही हसण्यावारी नेलं असतं. पण गेल्या सोमवारी शाळेच्या समितीनं ठरवलं की अठरा वर्षं मी शिजवते ती पोरांची खिचडी जूनपासून आपल्या गल्लीतली चंदा तिच्या गॅसवर शिजवेल. कारण लिहिलंय, 'नागसेन साहेबांचे मार्गदर्शन'. धुरानं डोळे चुरचुरतात, गॅस मलाही हवा, शाळेला द्या म्हणून तीनदा अर्ज केले. पण चूल नको म्हणजे मीच नको, हे कुठलं शास्त्र? त्याच चुलीवरचा भात खाऊन तू शिकलास, साहेब झालास आणि कोळसा काढायला गेलास. त्या अर्थानं पृथ्वी मीच तापवली, हे कबूल.

तुझी बाई,
रुखमा

ता. क. एक मेला ग्रामसभा आहे. तोच पडदा, तोच माईक. ये, आणि राहिलेलं कोळशाचं चित्र आधी दाखव, माझी चूल नंतर. माझी खिचडी मला परत मिळवून दे.

आणखी एक. माझा कूलर तुझ्याच कोळशाच्या विजेवर चालतो, हे चंदानं परवा नळावर सगळ्यांदेखत सुनावलं. घरी येऊन रागानं बंद केला. आज तिसरा दिवस. कागदावरचे डाग घामाचे आहेत, उगाच रडली समजू नकोस. तू येईपर्यंत बटण दाबणार नाही. लवकर ये रे बाबा, फार गरम होतंय.