उंबरावरचा नवरंग

दादर,
६ ऑक्टोबर २०२४

ती. अप्पामामांस,
सा. न. वि. वि.

फोनवरचं तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून पत्र. जूनमध्ये टॉवरच्या काचेवर आपटून तुमच्या गॅलरीत पडलेला नवरंग पक्षी दोन दिवसांत उडून गेला, असं तुम्ही कळवलं होतं. आता लिहिता, तो मागच्या उंबरावर रोज शीळ घालतो. मला शंका आहे. नवरंग शहरात राहत नाही. पावसाच्या तोंडावर दक्षिणेकडून येतो, जंगलात घरटं करतो, थंडीआधी परततो. तुम्ही नक्की काय ऐकता? मी दिलेलं श्रवणयंत्र लावता का?

शंका असली तरी लोभ आहेच.
मनवा

लालबाग,
११ ऑक्टोबर

चि. मनवास अनेक आशीर्वाद.

गो बाय, कानांची तज्ज्ञ होण्याआधी वकील का नाही झालीस? यंत्र खणात आहे. लावलं की फक्त खालचा मिक्सर मोठा होतो. शीळ यंत्राशिवाय येते. शेजारचा हितेंद्र म्हणतो, त्याला ती आमच्या भिंतीतून येते. त्याचं डोकं ठिकाणावर नाही. झोप मात्र नाही, कबुतरं रात्रभर फडफडतात. गांडुळं कुठे मिळतात ते कळव. कुंडीसाठी हवीत.

माया पातळ करू नकोस.
अप्पा

दादर,
१५ ऑक्टोबर

ती. अप्पामामांस,
सा. न.

तुमचे कान मीच तपासले आहेत. दारावरची बेल तुम्हाला ऐकू येत नाही, तर उंबरावरची शीळ येणार नाही. खोलीतली येईल. कबुतरं रात्री झोपतात. नवरंग रात्री प्रवास करतो, आणि निघायची वेळ झाली की कोंडलेलाही फडफडतो. तुमच्या कुंडीत एक तुळस आहे, तिने आजवर गांडुळं मागितली नाहीत. ती नवरंग खातो. मामींच्या पोपटाचा पिंजरा भंगारात दिलात, हेही आता पटत नाही.

हा महिना गेला तर तो मागे राहील. खोलीत नीट उडतो का पाहा. उडत असेल तर झाडीत सोडा. नसेल तर रविवारी येऊन मी पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे नेते.

रागावलात तरी उत्तर लिहा.
मनवा

लालबाग,
१८ ऑक्टोबर

चि. मनवास आशीर्वाद.

रविवारी ये. पिंजरा रिकामा दिसेल. उडत तर तो ऑगस्टपासून होता, पंख्यापर्यंत. घरात एवढा एकच आवाज मला येत होता, गो.

काल हितेंद्रला घेऊन राणीच्या बागेत गेलो. दार उघडलं तरी तो आतच बसला. मला वाटलं, राहतोय. मग एकदम झाडीत गेला. हितेंद्र म्हणाला, त्याने शीळ घातली. मला काही ऐकू आलं नाही. त्या हितेंद्रचं काय खरं मानायचं?

येताना यंत्र जुळवायचं सामान आण. पुढच्या जूनमध्ये शीळ आली की नाही, याबाबत कोणाच्या सांगण्यावर मी विश्वास ठेवणार नाही, तुझ्यासुद्धा.

अप्पा