मयताहून थेट घरी जाऊ नये

दुमांगास, इलोइलो
रविवार, मिस्सा आटोपून

तीर्थरूप मनांग लोरेता,

आशीर्वादासाठी तुमचा हात माझ्या कपाळाला लावलाय असं इथूनच समजा. गुडघे कसे आहेत? लेकीनं आणून दिलेलं तेल चोळता ना, की बाटली तशीच देव्हाऱ्यात ठेवून नुसती प्रार्थना चालली आहे? गुडघ्यांनी जहाजात चढू दिलं नाही आणि सख्ख्या भावाच्या मातीला येता आलं नाही, याचं मनाला लावून घेऊ नका. आला असतात तर तुम्हालाही मी पेज ढवळायला बसवलं असतं.

आधी कामाचं लिहिते. तिठ्यावरचं दुकान विकायचं मी ठरवलं आहे. जागा सासऱ्यांच्या नावची, म्हणजे निम्मी तुमची, तेव्हा तुमची लेखी संमती हवी. घेणारा आहे समोरचा बेकरीवाला वेन्सेस्लाओ. आता कारण न सांगता संमती मागणं बरं दिसत नाही, आणि कारण सांगायचं तर तुमच्या बंधुराजांविषयी बोलावं लागणार. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये हे मलाही कळतं. मी वाईट बोलणार नाही, फक्त जे झालं ते सांगणार आहे (दोन्ही एकच निघालं तर माझा इलाज नाही).

तुमचे बंधुराज उभा जन्म सरकारी इस्पितळाच्या स्वयंपाकघराचे व्यवस्थापक. तिथे रक्तदाबवाला येवो, बाळंतीण येवो की नारळाच्या झाडावरून पडलेला येवो, सगळ्यांना आल्याची, कोंबडीची, बिनमिठाची पेज. ठीक आहे, इस्पितळाचं इस्पितळाला. पण घरीसुद्धा? लग्नानंतर पहिल्याच सकाळी मला वाटलं, बिचारे नवखेपणात मीठ विसरले. म्हणून मी चिमूटभर घातलं, तर माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की जणू मी विष कालवलं! शिवाय चाळीस माणसांच्या खाली त्यांना रांधताच येत नसे, आणि आम्ही घरात दोघं. मग उरलेल्याची पुडकी बांधायची आणि फाटकात जो सापडेल त्याच्या हातात कोंबायची. आपल्या दारातून कुणी रिकाम्या हातानं जायचं नाही, हा त्यांचा नियम. एकदा कोंबडीचोर पकडला, त्याला तासभर उपदेश केला आणि पेजेचं पुडकं देऊन पाठवला. कोंबडी चोरायला आला होता, कोंबडी घेऊनच गेला, फक्त शिजवलेली. कपाळाला हात लावून लावून माझ्या कपाळाला घट्टा पडला आहे.

निवृत्त झाले तेव्हा मी हौसेनं व्हरांड्यात दोन आरामखुर्च्या मांडल्या. म्हटलं, आता तरी शेजारी बसतील, चार शब्द बोलतील. यांनी महिन्याच्या आत तिठ्यावर दुकान काढलं. पुढे साबण, काडेपेट्या आणि सुकी मासळी. मागे तेच मोठं पातेलं. जीपनी गाडीसाठी थांबलेला माणूस काडेपेटी घ्यायचा आणि पेज घेऊन जायचा. व्हरांड्यातली त्यांची खुर्ची अजून नवी कोरी आहे.

असो. आता मयताचं ऐका. रिवाजाप्रमाणे दफनापर्यंतचे सगळे दिवस शव घरात ठेवलं आणि गल्लीतल्या, रीतीभातीच्या पक्क्या तिया बासिलिसा दारात ठाण मांडून बसल्या. मयताच्या घरचा घाससुद्धा बाहेर न्यायचा नाही, म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांच्या पिशव्यांवर डोळा. इस्पितळातल्या एका निवृत्त नर्सबाईंच्या पिशवीतून त्यांनी चारचौघांत बिस्किटं काढून घेतली. ज्या माणसानं जन्मभर कुणाला रिकाम्या हातानं पाठवलं नाही, त्याच्याच मयताहून लोक हात हलवत निघाले! आणि निघाले तरी जाणार कुठे? मयताहून थेट घरी जायचं नाही. वाटेत कुठेतरी टेकायचं, काहीतरी तोंडात टाकायचं, म्हणजे गेलेला मागोमाग येत असेल तर चुकतो. हे तुम्हाला मी नव्यानं काय सांगणार. पण आपल्या गल्लीतून बाहेर पडलं की टेकायला जागा एकच, तुमच्या बंधुराजांचं दुकान. त्याला कुलूप. पहिल्या संध्याकाळी सगळी माणसं बंद दुकानापुढे मेंढरांसारखी उभी. शेवटी वस्तीचा कारभार बघणारा कप्तान टोपी हातात घेऊन माझ्याकडे आला.

"मनांग प्रेसेंता, दुकान उघडा. लोक अडकलेत."

"अरे, दुकानदार मेलाय!"

"म्हणून तर अडकलेत ना!"

काळ्या कपड्यांत, नवरा पेटीत सोडून, मी त्याच्या दुकानात जाऊन त्याचंच पातेलं चढवलं. कशासाठी, तर त्याच्यापासून पळणाऱ्या लोकांच्या पोटात काहीतरी जावं म्हणून! चाळिसांच्या हिशेबानं केली, ती पुरली. पुडकीही गेली, कारण दुकान म्हणजे काही मयताचं घर नव्हे. आणि मनांग, घरात पेटीपाशी सगळे गप्प बसलेले; खरं बोलणं सुरू झालं ते दुकानात. त्या नर्सबाई म्हणाल्या, आमचे रोगी भराभर बरे व्हायचे, घरी जाऊन मीठ खायच्या आशेनं. सगळे हसले. एक जीपनीवाला मात्र मान खाली घालून वाटीत इतका रडला, की त्या दिवसांत मीठ लागलेली ती एकच वाटी. खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतात. इथे मीठच नव्हतं आणि तरी लोक जागत होते. मला त्या वेळी तुमच्या भावाचा अभिमान वाटला, आणि रागही आला. घरी कधी अशी गर्दी जमवली नाही.

हे दोन-तीन दिवस सुरळीत चाललं. मग तिया बासिलिसा स्वतःच पेज खायला आल्या आणि घास तोंडाशी नेता नेता थबकल्या. "अगं बायांनो, क्रिस्पुलो चुकावा म्हणून आपण क्रिस्पुलोच्याच दुकानात येऊन बसलोय! तो कधी घरी असायचा का? इथेच असणार तो!"

एकच पळापळ झाली (पुडकी घेऊन, विसरून नव्हे). मग ठरलं, की घरून निघायचं, दुकानात टेकायचं आणि दुकानातून चुकवायला समोर बेकरीत टेकायचं. वेन्सेस्लाओनं लगेच बाहेर टेबल मांडलं आणि कॉफी ठेवली. म्हणजे रडायचं माझ्याकडे, जेवायचं माझ्याकडे आणि गिऱ्हाईक त्याचं! मग माझ्या दुकानात यायला कुणी नको म्हणालं का? मुळीच नाही. पेज सोडवत नव्हती. दफन होऊन गेलं तरी माणसं येतातच. म्हणतात, काल नीट चुकवलं की नाही, शंका वाटते. माझी मनगटं सुजली आहेत.

आता हा वेन्सेस्लाओ दुकान घ्यायला निघाला आहे, पण त्याची अट ऐका. आधी पाद्रीबाबांना बोलावून, तीर्थ शिंपडून, आतल्या माणसाला बाहेर काढायचं. "मनांग, जागा रिकामी करून हवी," म्हणतो, जणू आत भाडेकरू आहे! मी म्हटलं, ठीक आहे. थकले आहे मी. तेव्हा संमतीचा कागद लवकर पाठवा, म्हणजे मी एकदाची व्हरांड्यात बसेन.

तुमच्या गुडघ्यांना आराम पडो, हे रोज मेणबत्तीपुढे सांगते. सगळ्यांना आठवण.

तुमची, अजून तरी शुद्धीवर असलेली,
प्रेसेंता

ता. क. मोठं पातेलं वेन्सेस्लाओला नको आहे. तुम्हाला हवं का? नाही, राहू दे. जहाजात कोण चढवणार.

ता. क. संमती पाठवू नका. "नाही" असं मोठ्या अक्षरांत लिहा आणि मलाही चार शब्द खरमरीत सुनावा, म्हणजे ते पत्र त्याच्या नाकासमोर धरता येईल. मी मागून कितीही गयावया केली तरी ऐकू नका.

ता. क. हे कुणापाशी बोलू नका, तिया बासिलिसांपाशी तर नाहीच. दफनाहून परतताना सगळे कुठे ना कुठे टेकले. मी टेकले नाही, मनांग. मुद्दाम थेट घरी आले. फाटक उघडं ठेवलं, दोन्ही खुर्च्या पुसल्या आणि बसून राहिले. आले नाहीत. जन्मात कधी जेवणाच्या वेळी घरी आले नाहीत, आता काय येणार! दुकानातच असणार. जागा रिकामी करून दिली तर जातील कुठे? म्हणून रोज सकाळी मीच जाते. पेजेत मीठ अजून घातलेलं नाही.