डबल बेल

आबांना आणि आईला शिरपूरहून मृणालीचा जय भीम.

आबा, फोनवर तुम्ही "बरं आहे" म्हणता आणि ठेवून देता, म्हणून लिहितेय. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. मोतीबिंदूचं ऑपरेशन परत पुढे ढकललंत म्हणे?

मी ठीक आहे. कॉलेजच्या ऑफिसात प्रवेश चालू आहेत, खिडकीवर बोलून बोलून घसा बसतो. डबा चांगला मिळतो, आईला सांगा.

खोलीवर आले की बसचा गेम लावते, तुम्ही इथे आलात तेव्हा खेळलात तोच. आपला लॅपटॉप छोटा, टायपिंगपुरता. गेम अडकतो आणि आतला पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरतो. म्हणून गेममधली झाडं बंद केली, सावल्या बंद केल्या, शेवटी प्रवासीही बंद केले. आता गाडी नीट चालते, पण रिकामी.

त्या दिवशी तुम्ही खुर्चीत ताठ बसलात, पण स्टँडवरून बस काढेचनात. "बेल दिन्ही नही, गाडी कशी काढू?" जन्मभर एसटी चालवलेला माणूस! मग आईने ताटावर दोनदा चमचा वाजवला, तेव्हा कुठे निघालात. ब्रेक लावायला पाय फरशीवर दाबत होतात.

डोळ्याचं करून घ्या, आबा. आणि दोघं या.

काल दमून आले, गाडी चालू केली आणि स्टँडवर तशीच उभी ठेवून बसून राहिले. बेल द्यायला कोणी नव्हतं.

तुमची,
मृणाली