निधनवार्तांमधल्या घंटेबद्दल

क्योतेरा,
सोमवार, दुपार

तीर्थरूप ब्लासिओमामा यांना भाचा आनातोली याचा वाकून नमस्कार.

ताजी बातमी अशी, की आज सकाळच्या निधनवार्तांमध्ये एकदाही घंटा वाजली नाही. वार्ता वाचणाऱ्या नालोंगो फेदेरेसी यांनी याला दुजोरा दिला आहे. आपल्या रेडिओ केंद्राच्या मंडळाचे अध्यक्ष बुयोंडो यांनीही दिला आहे, आणि त्यांच्या दुजोऱ्यामुळेच हे पत्र लांबणार आहे.

(बातमी आधी आणि ख्यालीखुशाली नंतर, हा उद्धटपणा झाला खरा. आई असती तर तिने मला हे पत्र पुन्हा लिहायला लावलं असतं. पण इतकी वर्षं बातम्या लिहून हाताला तेच वळण पडलं आहे.) तर, तुम्ही कसे आहात? सोरोटीचं पाणी मानवलं का? तिकडे मटोकेची केळी धड मिळत नाहीत, रोज बाजरीच खावी लागते, असं तुम्ही म्हणाला होतात. त्याचं पुढे काय झालं? मामींचा गुडघा? तांत्रिक शाळेतली पोरं तुमचं ऐकतात ना? इकडे सगळे बरे आहेत, म्हणजे नालोंगोंनी ज्यांची वार्ता वाचली ते सोडून. तुम्ही माझ्यापेक्षा वयाने लहान आहात ही गोष्ट मी कधी मनात आणलेली नाही. मामा तो मामा, आणि त्यात कॉम्प्युटरवाला मामा.

फोनवर तुम्ही म्हणालात, "भाच्या, तुकड्यातुकड्याने सांगू नकोस, माझं डोकं फिरतं. क्रमाने लिहून पाठव." म्हणून क्रमाने लिहितो. पत्र कंपालाच्या ड्रायव्हरकडे देतोय, तो पुढे सोरोटीच्या बसवाल्याकडे देईल. सोबत परतलेल्या नाकतोड्यांचा डबा आहे. यंदा नाकतोडे भरपूर उतरले, मसाक्याच्या रस्त्यावर लोक पोत्यांनी विकतायत. दोन्ही ड्रायव्हर वाटेत आपापला वाटा काढून घेतील, तेव्हा डबा भरलेला पोचला तर उलट काळजी करा.

आता क्रम. तुम्ही इथे होतात तेव्हा केंद्राच्या कॉम्प्युटरवरची जुनी प्रणाली काढून लिनक्स घातलंत, कारण लोक लग्नाच्या व्हिडिओंच्या पेनड्राइव्हमधून रोग आणत होते. तो रोग गेला, याबद्दल केंद्र तुमचं आभारी आहे. त्याच कॉम्प्युटरवरून गाणी वाजतात, आणि निधनवार्तांच्या मागे मंद भजन चालतं तेही तिथूनच. म्हणजे त्या मशीनच्या पोटातून जो आवाज निघेल तो तालुकाभर जातो. हे मला माहीत होतं. मशीन स्वतःहून आवाज काढेल, हे मात्र माहीत नव्हतं.

पहिली घंटा वाजली ती म्हाताऱ्या कॅटेकिस्ट येरेमियांच्या वार्तेत. नालोंगो नेहमीच्या संथ आवाजात वाचत होत्या, अमुक कुळाचे, अमुक गावचे, ही वार्ता अमक्यातमक्याला पोचावी, आणि नाव पूर्ण होताच मागून एक गोड, स्वच्छ "टिंग". लोकांना ते फार आवडलं. चाळीस वर्षं पोरांना प्रार्थना शिकवलेला माणूस, त्याच्या नावाला घंटा झाली, यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. मला वाटलं, कुणाचा तरी फोन. दुसऱ्या दिवशी मी स्टुडिओतून सगळे फोन बाहेर काढले (अध्यक्षांचाही काढला, ते त्यांच्या अजून लक्षात आहे). तरी घंटा वाजली. यावेळी ती वाजली मायान्जाच्या नावावर. मायान्जा म्हणजे तोच, जो शेजाऱ्यांच्या हद्दीवरची झाडं उपटून चार पावलं पलीकडे लावायचा आणि वर विचारायचा, "झाड काय मी चालवलं?" त्याला घंटा झाल्यावर त्याचे शेजारी केंद्रात आले. रडायला नव्हे.

तिथून पुढे रोज कुणाला तरी घंटा मिळायची आणि बाकीच्यांना नाही. लोक वार्ता द्यायला यायचे तेव्हा खिडकीपाशी हळूच विचारायचे, "घंटेसकट द्यायची असेल तर काय करावं लागतं?" मी सांगायचो की तसं काही नसतं. ते मान हलवायचे, म्हणजे विश्वास न बसल्याची ती मान असते तशी. मग एका बाईच्या आईची वार्ता कोरडी गेली आणि तिच्या पुढच्याच वार्तेला घंटा झाली. ती बाई थेट नालोंगोंसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या आईला नाही, आणि त्या दारुड्याला दोनदा? कुणी काय पोचवलं तुमच्या घरी?"

दोनदा का, ते पुढे सांगतो. आधी आरोप सांगतो, कारण तो मंडळापर्यंत गेला आणि तोच आता मोठा झाला आहे. आरोप असा, की नालोंगो फेदेरेसी घंटा वाजवतात आणि तिच्या बदल्यात कोंबड्या घेतात. आता मामा, तुम्ही त्यांना ओळखता. जुन्या वळणाची बाई, आयुष्यात कोंबडी खाल्लेली नाही, अंडंसुद्धा नाही. आपल्या आज्या पाळायच्या तो बायकांनी कोंबडी न खाण्याचा नेम त्या अजून पाळतात. मी हे अध्यक्षांना सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "खाणं वेगळं, पाळणं वेगळं." आणि नालोंगोंच्या अंगणात कोंबड्या आहेत हे काही मी नाकारू शकलो नाही. त्यात कुणीतरी हिशेब मांडला की घंटा मिळालेले बहुतेक सगळे माम्बा कुळाचे, आणि नालोंगो स्वतः माम्बा कुळाच्या. अहो, इथे माम्बा कुळाचे लोक इतके आहेत की गर्दीत डोळे मिटून फणस टाकला तरी माम्बाच्याच डोक्यावर पडेल. पण हे मंडळाला सुचलं नाही, आणि मी सांगितलं तेव्हा एक सदस्य म्हणाले, "तू पण माम्बाच ना?" मी आहेच.

तर नालोंगोंना चौकशीचं पत्र गेलं आहे, गुरुवारी मंडळ बसणार आहे, आणि नालोंगोंना खुर्चीवर ठेवायचं की काढायचं, हे ठरणार आहे. तुम्हाला मी सांगायला नको, पण त्या खुर्चीशिवाय त्या बाईचं सकाळी दुसरं काही नाही. ज्या जुळ्यांमुळे लोक त्यांना नालोंगो म्हणजे जुळ्यांची आई म्हणायला लागले, ती केव्हाच कंपालाला गेली. पहाटे उठून इस्त्रीचा गोमेसी नेसून त्या येतात, रेडिओवर कुणी बघत नसताना.

म्हणून मी मशीनच्या मागे लागलो. एका सकाळी वार्ता चालू असताना स्क्रीनकडे टक लावून बसलो, तेव्हा दिसलं: टिंग झालं त्याच क्षणी कोपऱ्यात एक चौकोन आला. अपडेट उपलब्ध आहेत, असं काहीतरी. मी चष्मा लावेपर्यंत तो निघून गेला. तुम्हाला फोन केला तेव्हा तुम्ही विचारलंत, "त्या वेळी इंटरनेट कोण जोडतं?" मीच जोडतो. नालोंगो वाचत असतात तेव्हा मी माझा फोन मशीनला लावून कंपालाहून आलेल्या बातम्या उतरवून घेतो. जाळं मिळालं की मशीन विचारून बघतं, नवीन काही आलंय का, आणि आलं असलं की आनंदाने सांगतं. तेवढ्यात नालोंगो ज्याच्या नावावर असतील, घंटा त्याची. कोण किती पुण्यवान होता याच्याशी तिचा संबंध नव्हता. माझ्या फोनला सिग्नल किती लवकर मिळाला, एवढाच होता.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी सेटिंगमध्ये गेलो आणि "रोज तपासा" होतं तिथे "कधीच नको" केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा टिंग. तुम्ही म्हणालात की हे सांगणारे दोघे आहेत: एक अपडेटची वर्दी देणारा, आणि दुसरं ते प्रोग्रॅमचं दुकान, जिथून नवीन प्रोग्रॅम उतरवून घेतात. दोघे एकमेकांना न विचारता तीच बातमी देतात. (हे मला लगेच पटलं, आपल्या जिल्ह्यात दोन वार्ताहर ठेवले होते तेव्हा असंच व्हायचं.) त्या दारुड्याला दोन घंटा कशा मिळाल्या ते आता कळलं. एकाच दिवशी दोघांनी त्याच्याच नावावर वर्दी दिली होती. मग तुम्ही "त्रास देऊ नका" नावाचं बटण दाबायला सांगितलं. ते उत्तम चाललं, संध्याकाळपर्यंत. संध्याकाळी फर्माइशींचा कार्यक्रम करणारा सिम्प्लिसिओ आला, श्रोत्यांचे निरोप स्क्रीनवर दिसेनात म्हणून त्याने ते बटण पुन्हा उलटं केलं, आणि मला सांगितलं नाही. सकाळी टिंग. मी त्याला विचारलं तेव्हा म्हणतो, "मला कुठे त्रास होत होता?"

शेवटी तुम्ही त्या दिवशी वैतागून म्हणाला होतात, "काहीच जमत नसेल तर वर्दी देणाराच काढून टाक." काल चर्चमधली मास झाल्यावर येऊन मी तेच केलं. दोघेही होते म्हणून दोघांनाही काढलं. मशीनने मला दोनदा विचारलं, नक्की काढायचं का. मी दोन्ही वेळा नक्की म्हणालो. आज सकाळी संपूर्ण शांतता. नालोंगोंनी सगळ्या वार्ता वाचल्या, मागे फक्त भजन. वाचून झाल्यावर त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आनातोली, आज पहिल्यांदा मला माझा आवाज ऐकू आला." मला बरं वाटलं. तुमची विद्या थोर आहे, मामा, आणि हे पत्र आभाराचं आहे.

मामींना आणि मुलांना माझा नमस्कार आणि आशीर्वाद ज्याला जो लागू असेल तो. वडीलधाऱ्यांची माया असू द्यावी.

तुमचा भाचा,
आनातोली कायोंगो

ता. क. आभार खरे आहेत, पण पत्र लिहायचं कारण वेगळं आहे, ते वर लिहायचं धाडस झालं नाही. वर्दी देणारे परत कसे आणायचे ते कृपा करून कळवा. झालं असं, की शांततेत वार्ता संपल्याबरोबर अध्यक्षांचा फोन आला. म्हणाले, "बघितलंस? चौकशीचं पत्र गेलं आणि घंटा थांबली." मी सांगितलं की ती मशीनची होती, मी काल काढून टाकली. ते म्हणाले, "मग गुरुवारी मंडळासमोर वाजवून दाखव. मशीन वाजलं तर नालोंगो सुटल्या. नाही वाजलं, तर आम्हाला जे दिसतं ते आम्ही मानू." म्हणजे मी पुरावाच पुसून बसलो आहे. परत आणायला दुकानात जावं म्हटलं, तर दुकानही मीच पाडलेलं. आता ते दुकान आणायचं कुठल्या दुकानातून? तुम्ही त्या काळ्या खिडकीत टाइप करायचे जे इंग्रजी शब्द असतात ते मोठ्या अक्षरात, एकेक अक्षर सुटं, जागा कुठे सोडायची तेही दाखवून लिहा, आणि बुधवारच्या बसने पाठवाच. शिवाय हेही कळवा, की मंडळ बसलेलं असताना मशीनकडे सांगण्यासारखं नवीन काही असेलच, याची खात्री कशी करायची. माझ्या घरी जशी माणसं असतात तसंच हे, सांगू नको म्हटलं की सांगतं आणि साक्षीला उभं केलं की गप्प.

पुन्हा ता. क., मंगळवार. काल बस भरून गेली, ड्रायव्हरने पत्र घेतलं नाही, म्हणून पाकीट पुन्हा उघडलं. वरच्या ता. क. मध्ये मागितलेलं काहीही पाठवू नका. चुकून हाती लागलं आणि कुणी टाइप केलं तर अनर्थ होईल.

आज सकाळी नालोंगो चहाचा ग्लास आणि चमचा घेऊन माईकसमोर बसल्या (ग्लास माझा आहे). प्रत्येक नाव वाचून झालं की एक टिंग. सगळ्यांना. गरीब, श्रीमंत, माम्बा, माकड, बिबट्या, कुठलंही कूळ असो. मी काचेतून हात हलवून थांबवायला बघितलं तर त्यांनी मलाच थांबायची खूण केली. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "नालोंगो, आता तर सगळे म्हणतील तुम्हीच वाजवत होतात." त्या म्हणाल्या, "म्हणोत. मी जुळी वाढवलीयत, बाळा. एकाच्या हातात केळं दिसलं की दुसऱ्याला तुझं मशीन समजावून सांगत बसायचं नसतं. दुसरं केळं द्यायचं." हेच त्यांनी अध्यक्षांनाही फोनवर सांगितलं: आधी कोण वाजवत होतं ते सोडा, आजपासून मी वाजवणार आणि कुणाला वगळणार नाही. याला कबुली म्हणायचं का, हे मी अध्यक्षांना विचारलं. ते म्हणाले, शब्दाची चिकित्सा नको. माझ्या मते नालोंगोंनी कबुली दिलेली नाही, फक्त नाकारायचं थांबवलं आहे, आणि हे मला आवडलेलं नाही. त्यांना मात्र रात्री गाढ झोप लागलेली दिसते. आता मशीनची घंटाही परत आली तर कुणाला तरी दोन मिळतील, आणि आपण पुन्हा त्या दारुड्यापाशी येऊ. तेव्हा मशीन मुकं आहे ते मुकंच राहू दे.

नालोंगोंची खुर्ची कायम असल्याला अध्यक्षांनी दुजोरा दिला आहे. गुरुवारची बैठक मात्र रद्द झालेली नाही. ज्यांच्या माणसांच्या वार्ता गेल्या महिन्यात कोरड्या गेल्या, त्यांनी त्या घंटेसकट पुन्हा वाचाव्यात असा अर्ज केला आहे. ज्यांना तेव्हा घंटा मिळाली होती ते म्हणतात, मग आमच्याही वाचा. मंडळ दोन्ही मान्य करेल असा अंदाज आहे, आणि शुक्रवारपासून वाचन जेवणाच्या वेळेपर्यंत चालेल. या काळात नव्या वार्ता यायच्या थांबतील, असं अद्याप कोणत्याही सूत्राने सांगितलेलं नाही.