आमची स्वतंत्र पंचायत

१ मे
मोठ्या गावापासून वेगळे झाल्यावर पहिला झेंडा. दोरी मी ओढली. पहिली सरपंच! वेगळ्या ग्रा.पं.साठी उपोषणाला बसलेले भरत भाऊजी, माझे दीर, चक्क रडले. ऑफिस म्हणजे अंगणवाडीची पडवी. खुर्ची उसनी. तरी आपली.

४ मे
नळ कोरडे. पाइपलाइन मोठ्या गावातून येते, तिथे व्हॉल्व्ह बंद केलाय. तिथल्या सरपंचांकडे, तात्यांकडे गेले. चहा पाजला. म्हणाले, "वेगळं व्हायचं होतं ना सुजाता? मग पानीपन वेगळं आणा."
पालघरला जिल्हा परिषदेच्या ऑफिसात गेले. "प्रस्ताव पाठवा, मॅडम." पाठवते. तोवर प्यायचं काय?

८ मे
निधी एकाच बोअरचा. वरचा पाडा म्हणतो आमच्यात मारा, खालचा म्हणतो आमच्यात. उपोषणाला एका चटईवर बसलेली माणसं आज एकमेकांच्या अंगावर धावली. पाणी बघणाऱ्याने खालची जागा दाखवली, मी तीच धरली. भाऊजी भडकले, "घरच्या पाड्याला पानी नाय, तर कसली सरपंच तू?"
जेवायला आले नाहीत.

११ मे
बोअर कोरडी. नुसती पांढरी धूळ. कोणी शिव्यासुद्धा दिल्या नाहीत, तेच जास्त लागलं. यांना बोईसरला कंपनीत फोन केला. मशिनच्या आवाजात "राजीनामा दे" एवढंच ऐकू आलं.

१४ मे
ग्रामसभा. विषय एकच, मोठ्या गावात परत जायचं का. मांडला भाऊजींनीच. "चुकलो आमी."
मी उठले. "इंग्रज गेल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात त्यांना परत बोलवायला गेलो होतो का आपण?"
सासूबाई म्हणाल्या, "मना पानी पायजे, बाय. झेंडा काय प्यायचा?"

हात वर करायचे, एवढ्यात रस्त्यावर हॉर्न. टँकर! ड्रायव्हर ओरडला, "तात्यांनी धाडलाय! फुकट हाय!" सभा तिथेच मोडली. सगळे हंडे आणायला धावले. खालचा पाडा, वरचा पाडा, सगळे. भाऊजी सर्वांत पुढे.
रिकाम्या पडवीत किती वेळ बसले कोण जाणे. मग घरी आले. पिंपाच्या तळाशी गाळ.
कळशी उचलली. परत ठेवली. लिहायला बसले.
सासूबाई रांगेतून हाका मारतायत, "सुजाता, कळशी आण गो! संपत आलंय!"
सगळ्या गावाला ऐकू जातंय.