एक जूनची माणसं

२४ एप्रिल, शुक्रवार. अल खफजी

मिळाला! मेक्सिकोचा व्हिसा मिळाला! पासपोर्टच्या सतराव्या पानावर चिकटवलाय. काल रियाधहून येताना बसमध्ये चार वेळा उघडून पाहिला. शेजारचा मल्याळी शेवटी म्हणाला, "चाचा, उड़ नहीं जाएगा."

आता राहिली कंपनीची सुट्टी, आणि बाहेर जाऊन परत यायचा परवाना — खुरूज-औदा. ते काम इब्राहीमचं. इब्राहीम म्हणजे आमचा मंदूब, कंपनीच्या सरकारी कागदांचा माणूस, सुदानचा. पासपोर्ट त्याच्या हातात दिला. म्हणाला, "इन्शाअल्ला." अडतीस वर्षांत या शब्दाचे निदान सहा अर्थ शिकलो. आजचा कुठला ते कळलं नाही.

एकोणतीस मेचं विमान. झेबा, जावई आणि सादिया ह्यूस्टनहून येणार, मी इथून. समुद्रकाठचं रिसॉर्ट, आठ दिवस! लेकीला पाहून आठ वर्षं झाली. नातीला पाहिलं तेव्हा ती सात महिन्यांची होती, आणि माझा चष्मा ओढत होती.

२६ एप्रिल

"मेक्सिकोच कशाला वो चाचा?" — पांडू. पांडू माझ्या खोलीतला, गुहागरचा, पाइपफिटर. सांगितलं त्याला. झेबाचे अमेरिकेतले कागद अडकलेत. बाहेर पडली तर परत आत घेतील याची खात्री नाही. थोड्या दिवसांसाठी मेक्सिको तेवढं चालतं, असं तिचा वकील म्हणतो.

"म्हंजे मधल्या सुट्टीत शाळेच्या गेटापर्यंत सोडतात, तसं."

अगदी तसं!

म्हणूनच झेबाची अम्मा आमिना गेली तेव्हा लेक येऊ शकली नाही. आणि मातीला मी तरी कुठे होतो? मी इथे स्टोअरमध्ये स्पॅनर मोजत होतो. माझ्या बायकोला गावाने नेलं. तिसऱ्या दिवशी पोचलो, दहा दिवस राहिलो, परत आलो. त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून झेबा आणि मी फोनवर हवापाण्याचं बोलतो. अम्माचं नाव निघालं की दोघांपैकी एकाचं नेटवर्क जातं.

गेल्या महिन्यात म्हणाली, "अब्बा, फोनवर नाही जमत मला. एकदा समोर बसून रडायचंय." आणि दुसऱ्याच दिवशी रिसॉर्टचे फोटो पाठवले.

३० एप्रिल

यादी आली. कोष्टकात! तासवार! लेक शाळेतही अशीच होती, वहीला समास आखल्याशिवाय लिहायची नाही.

सकाळी सात — किनाऱ्यावर चालणे (शेवाळ वाहून आलं नसेल तर). नऊ — तोंडात नळी, डोळ्यांवर काच, पाण्यात पालथं पडून मासे बघणे. दुसऱ्या दिवशी बोटीने बेटावर. त्याचं नाव म्हणे बायकांचं बेट! मग जमिनीखालची विहीर — वरचं छप्पर फुटलेलं, त्यातून ऊन आत पडतं, त्या उन्हात पोहायचं. मग प्राचीन लोकांचा दगडी मनोरा. पायऱ्या चढू देत नाहीत, गुडघे वाचले. दुपारी जाळीच्या झोपाळ्यात पडणे. मक्याच्या भाकरीत दुमडलेले मासे खाणे — "अब्बा, मटण-चिकन विचारल्याशिवाय घेऊ नका."

आणि गेल्या गेल्या मनगटाला पट्टा बांधतात. पट्टा असला की दिवसभर काहीही खा, काहीही प्या.

पांडू : "हॉस्पिटलात पण बांधतात चाचा. फक्त तिकडं पेज देतात."

ही यादी मी कवितेसारखी वाचतोय. आधी मनात, मग मोठ्याने. शाळेत कविता चालीत म्हटली की गुरुजी डस्टरने टेबलावर ताल धरायचे, खडूची धूळ उडायची, आणि खिडकीबाहेर खरा समुद्र. आमिना त्याच शाळेत, दोन इयत्ता खाली. तिला चाल यायची, शब्द यायचे नाहीत. मला शब्द यायचे.

१ मे, शुक्रवार

सुट्टी. पांडूला घेऊन किनाऱ्यावर गेलो, सराव करायला. पायजमा वर दुमडला, नाक चिमटीत धरलं, डोकं पाण्यात घातलं.

"काय दिसलं चाचा?"

"वाळू."

"आपल्याकडं मासे बघाय कोण जातं? बघायचे तर ताटात बघा की!"

खूप हसलो. बोटीवर वाढलेला माणूस मी, आणि या समुद्रात अडतीस वर्षांत पहिल्यांदा उतरलो. रोज स्टोअरच्या दारातून बघतो, पण उतरलो कधी नाही. परत येताना दोन ओळी सुचल्या :

निळ्या पाटीवर लाट लिहिते
आणि लाटच पुसून जाते.

कवीस काय सुचवायचे आहे? कवीस स्वतःलाच ठाऊक नाही. पाच गुण गेले.

४ मे

इब्राहीमकडून काही नाही.

६ मे

सादियाचा आवाज आला फोनवर, रेकॉर्ड केलेला : "नाना, first June is your birthday, no? We'll be on the beach! Big cake!"

म्हणून तर झेबाने ते आठ दिवस निवडले. एक जून त्यातच येतो!

मात्र एक गोष्ट या पानाला सांगून ठेवतो. एक जून माझा वाढदिवस नाही. मला शाळेत घातलं तेव्हा गुरुजींनी विचारलं, पोराचा जन्म कधीचा? आई म्हणाली, लावणी चालू होती. गुरुजींनी एक जून लिहिलं. जूनमध्ये शाळा सुरू, त्या दिवशी सहा पुरी — हिशेब मिटला. या कॅम्पात महाराष्ट्रातले अकरा जण आहेत, त्यातल्या सात जणांच्या इकाम्यावर, म्हणजे इथल्या ओळखपत्रावर, एक जून आहे. फिलिपिनो टाइमकीपर विचारतो, तुमच्याकडे बाकीचे दिवस बायका बाळंत होतच नाहीत का?

झेबा लहान असताना तिने त्या तारखेला पहिलं कार्ड पाठवलं. होडी काढली होती, शिडावर "अब्बा". खरं सांगायचं राहून गेलं. दरवर्षी राहत गेलं. इतक्या दुरून कुणी आपला दिवस पाळतं, त्याला खोटं कसं म्हणू?

११ मे

आज इब्राहीमने बोलावलं. मान वर न करता : "शौकत, छुट्टी माफी."

इथे माफी म्हणजे 'नाही'. पाणी माफी, बस माफी, पगार माफी. इतकी वर्षं झाली तरी पहिल्या झटक्यात मला आपली मराठी माफीच ऐकू येते. वाटलं, कशाची क्षमा मागतोय हा?

प्लांट बंद ठेवून दुरुस्ती करतात तो शटडाउन पुढे ढकललाय. वीस मे ते वीस जून. सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द.

१२ मे

जेवण गेलं नाही.

१३ मे

साइट मॅनेजरकडे गेलो. इस्त्रीचा शर्ट घातला होता. आठ वर्षं, लेक, नात, सगळं सांगितलं. त्याने खांद्यावर हात ठेवला! म्हणाला, शटडाउनमध्ये टूल स्टोअर तुझ्याशिवाय कोण सांभाळणार? कुठली वस्तू कुठल्या फळीवर, ते तुझ्या डोक्यात आहे. यू आर दि स्टोअर.

ही स्तुती होती. बाहेर येऊन जिन्यात बसलो.

१५ मे, शुक्रवार

जुम्यानंतर इब्राहीम भेटला. बाजूला घेऊन म्हणाला, एक रस्ता आहे. औदा नको, निहाई घे. खुरूज-निहाई. फायनल एक्झिट. राजीनामा दे, वय झालंय, कुणी अडवणार नाही. पंचवीस तारखेपर्यंत सही केलीस तर दोन तासांत काम. त्यानंतर ईदची सुट्टी, मग ऑफिस थेट जूनमध्ये. यल्ला, विचार कर.

म्हणजे आठ दिवस सोडायला मी फार महत्त्वाचा, आणि कायमचा सोडायला कुणीच नाही!

१६ मे

पांडू म्हणतो, "घ्या की एक्झिट! कधीतरी जायचंच हाय."

पांडूला घरी गेल्यावर दारात बायको भांडायला उभी असते. मला काय आहे? कुलूप. मेक्सिकोचे आठ दिवस संपतील, पट्टा कापतील, झेबा तिच्या विमानात बसेल. आणि मी? इकडे यायचा रस्ता बंद. मुंबई, मग गाव, मग ते दार. त्या दहा दिवसांत मी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नव्हतं. शेजारची बदरुन्निसा जेवण आणून द्यायची. फडताळात आमिनाने लावलेले डबे तसेच होते, कशात काय ते तिलाच माहीत. मी एकही उघडला नाही. अकराव्या दिवशी पळालो. हो, पळालो. सगळ्यांना सांगितलं, कंपनीने बोलावलंय. कंपनीने नव्हतं बोलावलं.

या स्टोअरमध्ये मला प्रत्येक फळी माहीत आहे. त्या घरात एक डबा माहीत नाही.

नाही घेणार एक्झिट. नाही जमणार.

१८ मे

मग झेबाला काय सांगू? लेक महिनाभर कोष्टकं आखतेय. काल नवीन ओळ वाढवली — वाळूचा किल्ला, सादिया आणि नाना, दोन तास.

दोन तास!

१९ मे

एक उपाय सुचला. आनंद मात्र झाला नाही.

एक जून खोटाच आहे ना? मग त्याला कशाला चिकटायचं? झेबाला सगळं खरं लिहून पाठवलं. गुरुजी, आई, लावणी, सगळं. शेवटी लिहिलं : "बेटी, ती तारीख म्हणजे शाळेतल्या गुरुजींची सोय, बाकी काही नाही. तिच्यात काही अर्थ नाही. शटडाउन वीस जूनला संपतो. आपण त्यानंतर जाऊ. समुद्र तिथेच आहे."

शेवटचं वाक्य मला बरं वाटलं. कवितेतल्यासारखं.

२० मे

तिने वाचलं. दोन निळ्या खुणा दिसतात. उत्तर नाही.

२१ मे

उत्तर नाही. शटडाउन सुरू झाला, स्टोअरपुढे रांग. एकाने बत्तीसचा स्पॅनर मागितला, मी सत्तावीसचा दिला. असं कधी होत नाही.

२२ मे, शुक्रवार

तीन वेळा फोन लावला. उचलत नाही. एकदा सादियाने उचलला : "Nana, Mumma is in the bathroom. She's in there a lot." मग मागून आवाज, आणि फोन बंद.

काय चुकलं माझं? खरंच तर बोललो! आयुष्यात एकदा खरं बोललो तर लेक तुटली. या अल्ला, तारीख बदलायला सांगितली, बाप बदलायला तर नाही!

२३ मे

इब्राहीम : "उद्या-परवा. मग माफी."

२४ मे, रविवार

झेबाचा फोन आला. जसं आठवतं तसं उतरवून ठेवतो.

रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "अब्बा, तुम्हाला काय वाटलं, मी केक कापायला बोलावलं?"

मी म्हणालो, सादिया म्हणाली ना तसं.

"सादिया आठ वर्षांची आहे." मला वाटलं नेटवर्क गेलं. मग म्हणाली, "अम्माच्या पासपोर्टवर कुठली तारीख आहे?"

मी म्हणालो, आठवत नाही.

"मी सांगते. माझ्याकडे झेरॉक्स आहे. एक जून. तीच शाळा, तेच गुरुजी. तुम्ही लिहिलंत त्यात काही अर्थ नाही. असेल. ती खोटी असेल. पण ती गेली तो दिवस मला पाळायचा नाहीये अब्बा. मी तेव्हा तिथे नव्हते, तुम्ही नव्हता, त्या दिवशी आपल्या दोघांपैकी कुणीच नव्हतं. तिची ही एवढीच एक तारीख आहे माझ्याकडे. म्हणून एक जून. तुमच्यासाठी नव्हता तो."

मी म्हणालो, मग ते मासे, ती बेटं, ती तासवार यादी?

"त्याशिवाय तुम्ही आला असता का? नुसतं रडायला ये म्हटलं असतं तर?"

फोन ठेवल्यावर आठवलं. आमिनाच्या पासपोर्टचा अर्ज मीच भरला होता. एका सुट्टीत, ओट्यावर बसून, सुवाच्य अक्षरात. शेजारी उभी राहून ती हसत होती — "तुमचीच तारीख मला पण? चला, एका खर्चात दोन वाढदिवस." त्यालाही आम्ही दोघं हसलो होतो.

सात जणांची तारीख मला पाठ होती. आठवी माझ्या बायकोची. मी तिला मोजलंच नाही.

२५ मे

सही केली. खुरूज-निहाई. इब्राहीमने संगणकावर एकेक रकाना भरला — नाव, इकामा, नोकरीची वर्षं. मग विचारलं, नोकरी सोडायचं कारण काय लिहू? वय? तब्येत?

मी म्हणालो, लिही. माझी बायको वारली.