तीन सागरगोटे

सिल्वासा,
१९ जानेवारी २०२५

प्रिय लीलाआत्या,

इथूनच वाकून नमस्कार करते. तुझा गुडघा कसा आहे? बाबा शाळेतून आले की रोज विचारतात, "लीलाचं तिकीट झालं का?" लग्नाचा हॉल ठरला, योगेशच्या घरच्यांनी पत्रिकाही छापल्या.

परवा फोनवर तू म्हणालीस, "पाकीट सांभाळून ठेव गं. अंतरपाट धरला की मंगलाष्टकं मीच म्हणणार." मी हो म्हणाले. त्या होसाठीच हे पत्र.

नरोलीची नोकरी सोडून रूपाली कवितेवर जगते, असं तू सगळ्यांना सांगतेस. मी लोकांची मंगलाष्टकं आणि निवृत्तीची मानपत्रं लिहिते. आधी जीव लावून लिहायचे. आईवडिलांची नावं वृत्तात बसेपर्यंत जेवण सुचत नसे. मग हात बसला आणि मी नुसती नावं बदलू लागले.

मागच्या मे महिन्यात राखोलीचे समाधानभाऊ आले. मुलगी कावेरी, लग्न आठवड्यावर. "ताई, मंडपात रडू आलं पाहिजे, हां! नाहीतर काय मजा?" दोन दिवस एक ओळ सुचली नाही. तिसऱ्या दिवशी तू माझ्यासाठी लिहिलेल्या मंगलाष्टकांचं पाकीट काढलं. माझ्या लग्नाच्या दिवशीच फोडायचं, असं वर तुझ्या अक्षरात लिहिलेलं. नुसतं बघते, असं मनाशी म्हटलं.

तूच शिकवलंस ना, ओसरीवर बसवून, लघूला चिंचोका, गुरूला सागरगोटा? रूपाली म्हणजे तीन सागरगोटे. कावेरीसुद्धा तीनच. तुझ्या कागदावर पेन्सिलीने माझ्या नावावर तिचं नाव लिहिलं. वृत्त जराही हललं नाही.

मुठीत चिंचोका धरून झोपलेल्या मुलीची ओळ आली आणि कावेरीची आई ढसाढसा रडली. मला मिठी मारून विचारलं, "तूच लिहिलंस, पोरी?"

मी हो म्हणाले.

आत्या, तेव्हा लाज वाटली नाही. हेवा वाटला. माझ्या ओळींना कुणी कधी असं रडलं नव्हतं.

पुढे त्याचा व्हिडिओ फिरला. लोक येऊन म्हणू लागले, "तीच द्या, चिंचोक्यावाली." नरोलीला दिली, गलोंड्याला दिली. त्यानंतर स्वतःचं असं मी काही लिहिलेलं नाही.

योगेशची बहीण तेजस्विनी परवा म्हणाली, "वहिनी, तुमच्या लग्नात तीच ठेवा हं!" म्हणजे तू म्हणशील आणि मांडवाला वाटेल, भाचीचं पाठ करून आत्या म्हणतेय. काल तिला खरं सांगितलं. ती हसली. "मग काय झालं? घरचंच तर आहे."

घरचंच होतं, म्हणून तर झोप नाही.

पाकीट या पत्रासोबत पाठवते आहे. फाडलेली कड चिकटवली नाही. पेन्सिल खोडली, पण कागदावर वळ राहिलाय. तू म्हणणार नसलीस तर भटजी त्यांची नेहमीची म्हणतील, मी काही लिहिणार नाही. म्हणणार असलीस, तर बोहल्यावरून आधी मी सांगेन की ही माझ्या आत्याची आहेत आणि मी ती चोरून विकली. योगेशला हे आज सांगणार आहे. पण लग्नाला ये. न म्हणण्यासाठी तरी ये.

त्या ओळीत अजून माझंच नाव ठेवावंसं वाटत असेल, तर तुझी,
रूपाली